फुप्फुसाचा कॅन्सर आणि लसिका ग्रंथी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कॅन्सर सुरुवातीचा असेल तर फुप्फुसाचा तेवढा भाग काढला की पुरे. छातीतल्या लसिका ग्रंथी काढून आयुष्य वाढत नाही, हे 2011 साली छापलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलंय. मग प्रतिकारशक्तीचे हे पहारेकरी कशाला कापायचे?

आधी माझी चूक. "ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढतं" हे मी फारच ठामपणे लिहिलं होतं. ते वाक्य बदललंय.

पण त्या चाचणीत ग्रंथी काढणं विरुद्ध ग्रंथींना हातच न लावणं, अशी तुलना नव्हती. हजारावर रुग्णांच्या ठरलेल्या जागांवरच्या ग्रंथींचे नमुने आधी घेतले, तिथल्या तिथे तपासले, आणि कॅन्सर नाही असं दिसल्यावरच चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटात तिथेच थांबले, दुसऱ्यात उरलेल्याही काढल्या. जगण्यात फरक पडला नाही, हे खरं. तरी दुसऱ्या गटातल्या सुमारे 4 टक्के रुग्णांच्या ग्रंथींमध्ये लपलेला कॅन्सर निघालाच! नमुने काटेकोर घेतले असतील तर पुढची सफाई आयुष्य वाढवत नाही, एवढंच ती चाचणी सांगते. नमुनेच घेऊ नका, असं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या ग्रंथी माझ्यासमोर येतात तेव्हा बहुतेक काळ्या असतात. श्वासातून गेलेली काजळी तिथे साठलेली असते. बोटांनी चाचपून काही ठरत नाही. मोठी, टणक ग्रंथी नुसती सुजलेली निघते, आणि स्कॅनमध्ये न दिसलेल्या चार मिलिमीटरच्या ग्रंथीत, अगदी आवरणालगत, कॅन्सरच्या पेशींचा पुंजका बसलेला असतो. तेवढ्यावरून पहिली स्टेज दुसरी किंवा तिसरी होते आणि पुढचे उपचार बदलतात. केमो द्यायची का, कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर या जनुकातला बदल असेल तर त्यावरची ओसिमर्टिनिबची गोळी सुरू करायची का, हे ठरवताना ग्रंथींचा रिपोर्ट लागतोच.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर शरीरात अशा शेकडो ग्रंथी आहेत. छातीतल्या काही गेल्याने ती ढासळत नाही. धोके वेगळे आहेत. डाव्या बाजूला स्वरयंत्राची नस महाधमनीखालून वळते, ती दुखावली तर आवाज बसतो. कधी लसिका, म्हणजे या ग्रंथींतून वाहणारा द्रव, गळून ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीतून दुधासारखं पाणी येतं. हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं. मात्र त्याच चाचणीत दोन्ही गटांमधली गुंतागुंत जवळपास सारखी होती.

मला खरा त्रास होतो तो फुप्फुसाचा तुकडा येतो आणि सोबत ग्रंथींची एकही बाटली नसते तेव्हा. तुकड्यातही काही सापडलं नाही, तर "ग्रंथी मिळाल्या नाहीत" असं लिहावं लागतं, आणि घरचे ते "ग्रंथींमध्ये काही नाही" असं वाचतात. अमेरिकेतला सध्याचा मापदंड किमान तीन मध्यवक्षातल्या (दोन फुप्फुसांच्या मधल्या) आणि एका फुप्फुसाच्या मुळाजवळच्या जागेवरून ग्रंथी घ्यायला सांगतो. तुमच्या नात्यातल्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर रिपोर्टमध्ये या जागांची नावं आहेत का, तेवढं पाहा.

एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. स्कॅनवर नुसता धुरकट डाग दिसतो आणि त्यात भरीव भाग अजिबात नसतो, अशा कॅन्सरमध्ये ग्रंथींपर्यंत पसरणं फार क्वचित होतं. तिथे सरसकट सगळ्या ग्रंथी काढायला माझाही विरोध आहे.