शिंपले जागेवर राहू द्या, माहिती फिरू द्या

नदी वाचवायची म्हटलं की लोकांना मासे आठवतात, फार तर कासवं. तळाच्या वाळूत रुतलेल्या शिंपल्यांचं नाव कुणी काढत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या उत्तर अमेरिकेत सुमारे ३०० जाती होत्या. त्यातल्या जवळपास ३० कायमच्या संपल्या.

यांची सगळी अडचण बालपणात आहे. शिंपल्याची अळी माशाच्या कल्ल्यांना चिकटते, तिथे वाढते आणि मग सुटून तळाशी पडते. पण कुठलाही मासा चालत नाही. युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याला सामन किंवा ब्राउन ट्राउटच लागतो. पुढची काही वर्षं पिल्लू खडीच्या फटीत दडून काढतं. शेतांतून आलेला गाळ त्या फटींत बसला की ते गुदमरून मरतं. मोठे शिंपले मात्र शंभरी ओलांडतात, म्हणून नदी भरलेली दिसते आणि कित्येक वर्षांत एकही पिल्लू जगलेलं नसतं!

आता उर नदी घ्या. बेल्जियम, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिन्ही देशांशी तिचा संबंध, आणि सीमेवरचा तिचा भाग जर्मनी-लक्झेंबर्गच्या संयुक्त मालकीचा. लक्झेंबर्गमध्ये हे शिंपले वाढवण्याचं केंद्र आहे. पण वरच्या अंगाला कुणी गाळ सोडला तर खाली वाढवलेली पिल्लं कुठे सोडणार? इथे सहकार्याला पर्यायच नाही.

स्पेनमधल्या एब्रो नदीत आणि फ्रान्समधल्या काही नद्यांत एक भलामोठा शिंपला तग धरून आहे. त्याच्या अळ्या वाढवणारा युरोपियन स्टर्जन मासा जवळजवळ नाहीसा झाला. मग समुद्रातून नदीत येणारी, बामसारखी दिसणारी लॅम्प्रेही या अळ्यांना चालते असं संशोधकांना आढळलं. असा एक शोध लागला की तो शिंपला असलेल्या प्रत्येक देशाला नवी वाट मिळते.

म्हणून माझं ठाम मत आहे: सीमा ओलांडायची ती माहितीने, जिवंत प्राण्यांनी नाही. एका खोऱ्यातले शिंपले उचलून दुसऱ्या खोऱ्यात सोडण्याच्या कल्पनेची मला भीती वाटते. मत्स्यपालनासाठी पूर्व आशियातून आणलेल्या माशांबरोबर तिथला मोठा शिंपला युरोपभर पसरला. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून, आलेला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांच्या परिसरात सापडला, आणि स्थानिक शिंपल्यांच्या अंगावर थरच्या थर चढवून त्याने त्यांना मारलं. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, अमलात यायला २०१७ उजाडलं. तेरा वर्षं!

गोगलगायींची गत तर याहून वाईट. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खडकांवर इवल्या गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. धरणाने प्रवाह थांबला की त्यांना जायला जागा उरत नाही.

परिषदा, करारांवरच्या सह्या, सगळं होऊ दे. मला त्याहून साधी गोष्ट हवी आहे. कोणत्या माशावर कोणती अळी जगली याची नोंद जशी छापतात, तशीच कोणत्या माशावर मेली याचीही सर्वांसाठी खुली असावी. अनेक जाती वर्षातून एकदाच अळ्या सोडतात. एका प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग दुसरीने नकळत पुन्हा केला, तर त्या शिंपल्यांचं अख्खं वर्ष वाया जातं.