मेळाव्याला पोहोचाल हो, पण परत कसे येणार?

ईव्हीवाल्यांच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या, मेळाव्याची तारीख ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाटेत चार्जर कुठे कुठे आहेत? माझ्या मते ही तयारीची उलटी सुरुवात आहे. वाटेतले चार्जर सगळ्यांना सापडतात. घोळ होतो तो मुक्कामी. एरवीच्या प्रवासात तुमची गाडी एकटी असते, इथे वीस-तीस गाड्या एकाच संध्याकाळी, एकाच ठिकाणी, 15-20 टक्के बॅटरीवर येऊन टेकतात. तिथला फास्ट चार्जर एरवी रिकामा असतो, म्हणून अ‍ॅपवर मोकळा दिसतो. त्या दिवशी नसेल.

साधा हिशेब करा. वीस गाड्या, प्रत्येकीला परतीसाठी 25 युनिट हवेत, म्हणजे एकूण 500 युनिट. चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलेलं असलं तरी सरासरी 45 च्या आसपास मिळतात, कारण बॅटरी भरत जाते तसा वेग उतरतो. एका गाडीला सुमारे 35 मिनिटं, वर गन (चार्जरच्या केबलचा गाडीत लावायचा प्लग) काढणं-लावणं, अ‍ॅपची खटपट, मालकाला शोधून आणणं, ही पाच-सात मिनिटं. वीस गाड्यांना तेरा तासांच्या वर लागले. म्हणून मेळाव्याच्या गावात फास्ट चार्ज करायचा बेतच आखू नका. तिथून अलीकडे 50-60 किलोमीटरवर शेवटचा थांबा घ्या, 80 टक्के भरा आणि मुक्कामी निदान 55-60 टक्के घेऊन उतरा. वाटेत आणखी दहा-पंधरा मिनिटं गेली तरी चालतील, कारण या टप्प्यात गाडी अजून वेगाने भरून घेते.

आता 80 च्या पुढे का नाही, तर तिथून बॅटरीतल्या सेलचा व्होल्टेज मर्यादेला टेकायला लागतो आणि गाडीच करंट कमी करून मागते. बऱ्याच गाड्यांत 10 ते 80 ला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच 80 ते 100 ला जाऊ शकतो. मागे रांग असताना 97 टक्क्यांवर गन लावून बसलेला माणूस मला तरी समजत नाही. अपवाद एकच, पुढे खरंच चार्जर नसेल तर.

अंतराचा हिशेब डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर करू नका. तो आकडा बहुधा तुमच्या गेल्या काही दिवसांच्या शहरी चालवण्यावरून काढलेला असतो. हायवेवरचा सरासरी खप पाहा आणि त्यावरून काढा. समजा बॅटरीत वापरता येणारी 45 युनिट आहेत आणि ताशी 90 ला खप किलोमीटरला 150 वॉट-अवर आहे (1000 वॉट-अवर म्हणजे एक युनिट). पूर्ण बॅटरीत 300 किलोमीटर होतात, पण 10 ते 80 टक्क्यांच्या टप्प्यात 210 च. वेग 90 वरून 110 वर नेला की हवेचा विरोध दीडपट होतो आणि एकूण खप साधारण 25-30 टक्क्यांनी चढतो. त्या 210 चे 165 झाले. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर 100 च्या वेगाला हवा 120 सारखी अडवते. टपावर सामानाची पेटी बांधलीत तर तिचा भार वेगळा. डिकीत मावेल तेवढंच न्या, टप मोकळा ठेवा.

घाटाचं गणित लोक उगाच मनात धरून घाबरतात. दोन टनांची गाडी 1000 मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने साडेपाच युनिट लागतात, मोटारीतली गळती धरून सहाच्या वर. उतरताना त्यातला बराच भाग रिजनमधून (पाय उचलला की मोटर वीज बनवून बॅटरी भरते, त्यातून) परत येतो, फक्त बॅटरीत जागा हवी. घाटमाथ्यावर मुक्काम असेल आणि सकाळी 100 टक्के भरून उतरायला लागलात तर रिजन जवळजवळ बंद असतं. सवयीने पाय उचलला तरी गाडी रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशा ठिकाणी 85-90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

वाटेतल्या थांब्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक थांब्याला पर्यायी थांबा हवा, आणि तिथवर पोहोचण्याइतकी बॅटरी शिल्लक हवी. एकच गन असलेल्या जागेपेक्षा चार गनांची जागा घ्या, दहा किलोमीटर आडवळणाला असली तरी. प्लगशेअरवर, म्हणजे चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर, जागेचं रेटिंग नको, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते पाहा. दोन गनांचं मशीन असेल तर दुसरी गाडी लागल्यावर पॉवर वाटली जाते. 120 चे 60 होतात. जुन्या मशीनची मर्यादा बहुधा 125 अँपिअर असते, म्हणजे 350 व्होल्टच्या बॅटरीला 50 किलोवॅटच्या पाटीखाली 44 च मिळतात. आणि 800 व्होल्टची गाडी असेल तर मशीन 500 व्होल्टवरच संपत नाही ना, हे आधी तपासा. अशा मशीनवर काही गाड्या हळू भरतात, काही भरतच नाहीत.

अ‍ॅपं घरी बसून उतरवा, नोंदणी पुरी करा, वॉलेटमध्ये थोडे पैसे ठेवा. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं आणि ओटीपी येत नाही. तिथे मशीनला टेकवायचं आरएफआयडी कार्डच कामाला येतं.

मशीन सुरूच झालं नाही तर काय? आधी अ‍ॅपमधून सेशन बंद करा, गन काढा, गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबा. मग पुन्हा लावताना गन हाताने थोडी वर उचलून धरा. जाड केबलच्या वजनाने गन खाली लोंबते, पिना नीट टेकत नाहीत आणि गाडी-मशीनची बोलणी अर्ध्यावर तुटतात. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. पावसात इन्सुलेशनचा एरर आला तर गनमध्ये आणि गाडीच्या सॉकेटमध्ये ओल आहे का पाहा, पण आत बोट किंवा फडका घालू नका, गन उलटी धरून पाणी निथळू द्या, नाहीतर शेजारची गन घ्या. एसीवर, म्हणजे घरच्यासारख्या हळू चार्जरवर, चार्जिंग सुरू होत नसेल तर गाडीतला टायमर पाहा. घरी रात्रीच्या वेळेला लावून ठेवलेलं शेड्यूल मेळाव्यालाही सोबत येतं आणि लोक मशीनला शिव्या देत बसतात. गन अडकली तर ओढाताण नको. सेशन बंद, गाडी अनलॉक, थोडं आत ढकलून मग बाहेर. तरीही निघाली नाही तर बऱ्याच गाड्यांत हाताने सोडवायची तार असते. ती नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

आता मुक्कामाची वीज. यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि भांडणं सगळ्यात जास्त इथेच होतात.

भिंतीतल्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर लावून रात्रभर भरणं हा मेळाव्यातला सर्वांत शहाणा मार्ग आहे. 230 व्होल्टला 10 अँपिअर म्हणजे 2.3 किलोवॅट; नऊ तासांत गळती वजा जाता 18 युनिट, म्हणजे वरच्या हिशेबातल्या गाडीला 120 किलोमीटर. पण वीस गाड्यांनी 10 अँपिअर घेतले की 46 किलोवॅट झाले, आणि एवढा भार त्या जागेला मंजूर असेलच असं नाही. आयोजकांनी महिनाभर आधी यजमानाला तीन गोष्टी विचाराव्यात: मंजूर भार किती, तीन फेज आहेत का, आणि बाहेरची सॉकेटं कोणत्या फेजवर आहेत. तीन फेजवर नीट वाटले तर 200 अँपिअरचे फेजमागे 67 होतात. सगळी सॉकेटं एकाच फेजवर निघाली तर रात्री साडेअकराला मेन फ्यूज उडतो आणि खोल्यांतले पंखेही थांबतात. यजमानाच्या वायरमनला त्या दिवशी हजर ठेवणं हा खर्च नाही, विमा आहे.

भार कमी असेल तर उपाय दोन. एक, पाळ्या लावा: निम्म्या गाड्या मध्यरात्रीपर्यंत, निम्म्या नंतर, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस कोण ते कागदावर. दोन, करंट उतरवा. बहुतेक गाड्यांत किंवा पोर्टेबल चार्जरवर तो कमी करता येतो, खालची मर्यादा 6 अँपिअर. एवढ्यावरही दहा तासांत 70 किलोमीटरच्या आसपास जमा होतात. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण त्यात रात्री दोनला कुणाला उठवावं लागत नाही.

सॉकेट मोठं असलं तरी 15-16 अँपिअर रात्रभर ओढू नका. जुन्या सॉकेटच्या ढिल्या पत्तीत 0.2 ओहमचा रोध असला तरी 15 अँपिअरला तिथे 45 वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. 10 अँपिअरला तीच 20 वॉट. लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर करंट उतरवा किंवा सॉकेट बदला.

एक्स्टेन्शन न्यायचीच तर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, 25 मीटरच्या आत, आणि रिळावरून पूर्ण उलगडून. अशा 25 मीटर वायरीत जाता-येता मिळून 0.37 ओहम असतात. 10 अँपिअरला पावणेचार व्होल्ट पडतात आणि 37 वॉट उष्णता होते. पसरलेल्या वायरीला ती जाणवत नाही. रिळावर गुंडाळलेल्या वायरीत तीच उष्णता आत कोंडते आणि इन्सुलेशन वितळतं. दिव्यांच्या माळेसाठी आणलेली बारीक वायर गाडीला लावू देऊ नका, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागला की बहुधा अर्थिंग नाही, किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत. अशा वेळी कुणीतरी जाणकार न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडायला पुढे येतो. त्याला थांबवा. वरची न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल. छोट्या जनरेटरवरही बहुतेक पोर्टेबल चार्जर याच कारणाने चालत नाहीत. त्याची न्यूट्रल अर्थला जोडलेलीच नसते. सॉकेट तपासायचा छोटा तीन दिव्यांचा टेस्टर सोबत असू द्या.

दिवसाचा खर्चही परतीच्या हिशेबात धरा. दहा पाहुण्यांना दहा-दहा किलोमीटरची चक्कर आणि प्रत्येकाला एकदम वेग घेतानाचा तो एक धक्का दाखवायचा, म्हणजे किलोमीटरला 250 वॉट-अवर धरून 25 युनिट गेले. अर्ध्याहून जास्त बॅटरी. व्हीटूएलवर (गाडीच्या बॅटरीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय) एक किलोवॅटची ध्वनियंत्रणा पाच तास चालवली की 33 किलोमीटर गेले. हौस जरूर करा, पण एक आकडा ठरवा, मी 50 टक्के म्हणेन, त्याखाली गाडी आली की चक्कर बंद.

प्रदर्शनात उभ्या गाडीचा खरा बळी वेगळाच असतो: 12 व्होल्टची छोटी बॅटरी. दारं उघडी, बॉनेट वर, स्क्रीन चालू, पण गाडी रेडी मोडमध्ये (चालवायला सुरू केलेली) नाही, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला भरत नाही. तीन-चार तासांत ती झोपते. मग मोठ्या बॅटरीत 70 टक्के असूनही गाडी उठत नाही, कारण आतले काँटॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच, ओढायला याच 12 व्होल्टची गरज असते. तीन-चार वर्षं जुनी असेल तर निघण्याआधी तपासून घ्या आणि छोटा जंप स्टार्टर ठेवा. फक्त तो डिकीत ठेवू नका. 12 व्होल्ट गेल्यावर काही गाड्यांची डिकीच उघडत नाही.

टायरात हवा सकाळी थंड असताना, भरल्या गाडीसाठी दरवाज्याच्या पट्टीवर दिलेल्या दाबाने. दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. पुष्कळ ईव्हींना स्टेपनी नसते आणि किटमधला द्रव बाजूच्या भिंतीतलं भोक बुजवत नाही. पंप आणि टोचनचा हुक डिकीत आहे ना पाहा, पण मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून टोचन करू नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा.

बॅटरीचे मुख्य दोन प्रकार, एलएफपी आणि एनएमसी; एलएफपी असेल तर निघायच्या आठवड्यात एकदा 100 टक्के भरा. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज हळूहळू सरकतो आणि पूर्ण भरल्यावरच जागेवर येतो. एनएमसी असेल तर निघायच्या रात्रीच 100 करा, भरून दोन दिवस उभी ठेवू नका. आणि शेवटच्या आठवड्यात सॉफ्टवेअर अपडेट नको. कितीही नवं काही येत असलं तरी नको.

ताफ्याने जायची हौस समजते, फोटो छान येतात. पण आठ गाड्या एकदम दोन गनांच्या जागी थांबल्या की पहिला निघतो तेव्हा आठवा अजून वाट बघत असतो. दोन-दोनच्या जोड्या करा, निघण्यात पाऊण तासाचं अंतर ठेवा, भेटा मुक्कामाच्या अलीकडे. गन लावून जेवायला जाताना काचेवर फोन नंबर आणि किती टक्क्यांना काढली तरी चालेल, ते लिहून ठेवा.

परतीच्या सकाळी ज्याचा पुढचा चार्जर सगळ्यात लांब, त्याला सॉकेट आधी. आणि निघताना भिंतीकडे एकदा बघा. अशा मुक्कामात मागे राहणारी वस्तू म्हणजे पोर्टेबल चार्जर. गाडीकडची गन काढली जाते, भिंतीतला प्लग तसाच राहतो.