'आळस' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी इथे ठेवतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल.

"कॅमेऱ्यावर फ्लॅश ठेवून लग्न काढणं म्हणजे निव्वळ आळस. चेहरे चपटे, मागे काळोख. पुण्यात आता असं कोणी करत नाही. दोन स्टँड, ट्रिगर, सॉफ्टबॉक्स लावायला काय होतं? आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ १२८०० चालतो, फ्लॅश लागतोच कुठे? गाइड नंबरही चुकीचा दिलाय. बाकी लेख ठीक."

माझी चूक आधी. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा (एफच्या आकड्याने भागला की आयएसओ १०० वरचा पल्ला मीटरमध्ये येतो), ६० लिहिला होता, तो फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम केल्यावरचा. ३५ मिमीला तोच फ्लॅश साधारण ३६ भरतो. म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ५.६, फ्लॅश सरळ मारला तर पल्ला पावणेअकरा मीटर नाही, साडेसहाच्या आतच. खोक्यावर कंपन्या मोठा आकडा छापतात, मी तो तसाच उचलला. लेखात दुरुस्त केलाय. तुमचं बरोबर, माझं चूक. झालं?

आता 'आळस'. 'मला पटत नाही' असं लिहिता आलं असतं, 'चेहरे चपटे येतात, उपाय सांगा' असंही लिहिता आलं असतं. आळस हा शब्द कामाला लागत नाही, माणसाला लागतो. आयएसओ चारशेच्या रिळावर छत्तीस फोटोंत हळद बसवायची असायची, तेव्हापासून मी जळगाव-धुळ्याकडची लग्नं काढतोय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासच्या दाट तिथींना, ४४ अंशांत, आळशी माणूस टिकत नाही भाऊ. असो.

चेहरा चपटा होतो तो उजेड लेन्सच्या रेषेतून आला की. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला असला तरी त्याचं स्वतःचं डोकं फिरतं, आणि ते फिरवायचं असतं. मंगल कार्यालयाचं छत पांढरं आणि बाराएक फुटांवर असेल तर सरळ वरही मारू नका. उजेड टाळूवरून खाली पडतो, डोळ्यांत खड्डे पडतात आणि मुंडावळ्यांची सावली गालावर उतरते. डोकं मागे आणि बाजूला वळवा, आपल्या खांद्यावरून, मागची भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडे. नवरी ज्या बाजूला पाहतेय तीच बाजू धरा. उभा फोटो घ्यायला कॅमेरा फिरवला की डोकं पुन्हा जुळवा. इथे निम्मे जण विसरतात आणि फ्लॅश शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत जातो.

तरीही थोडा उजेड थेट पुढे सांडतो आणि नेमका तोच चपटेपणा आणतो. त्यावर उपाय स्टेशनरीच्या दुकानात मिळतो: काळी फोमशीट, साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा तुकडा, केसांच्या दोन रबरांनी डोक्याच्या पुढच्या अंगाला बांधायचा. मग नवरीच्या जागी उभं राहून फ्लॅशकडे बघायचं. काच दिसली तर फोम सरकवायचा.

मागचा काळोख फ्लॅश करत नाही, शटर आणि आयएसओ करतात. १/२०० सेकंदाचं शटर आणि आयएसओ २०० वर हॉलमधली रोषणाई फोटोत उमटणारच नाही. १/१००, एफ ४, आयएसओ १६०० ठेवा. मागचे दिवे येतात, आणि दहा फुटांवरच्या जोडप्याला छतावरून फ्लॅश पूर्ण ताकदीच्या आठव्या ते सोळाव्या हिश्श्यात पुरतो. आयएसओ २०० वर हेच करायला जवळपास पूर्ण ताकद लागते. मग फ्लॅश भरायला दोन-तीन सेकंद जातात आणि अंतरपाट सरकतो तो क्षण नेमका त्यात निघून जातो. एलईडीची भिंत मागे असेल तर १/१०० च्या वर गेलात की फोटोत पट्टे यायचा धोका, तेही लक्षात ठेवा.

अक्षतांचं सांगतो, कारण बाउन्सचा, म्हणजे छता-भिंतीवरून परतवलेल्या उजेडाचा, खरा फायदा तिथे दिसतो. सरळ फ्लॅश मारला तर कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर उडालेला तांदळाचा दाणा तीन मीटरवरच्या नवरदेवापेक्षा छत्तीस पट उजळतो. अंतराच्या वर्गाचा हिशेब आहे, तिथे कोणाचं चालत नाही. फोटोभर पांढरे गोळे. फ्लॅश मागे वळवला की दाणे दाण्यांसारखेच येतात.

मंडप असेल तर? तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं, कारण शेतातल्या मंडपात माझी छताची युक्ती चालत नाही. लाल-गुलाबी कापडावर फ्लॅश मारला की चेहरे गुलाबी होतात, आणि ते व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगसंतुलनाने) सुटत नाही, कारण मागच्या दिव्यांचा रंग वेगळा असतो. अशा वेळी पोऱ्याच्या हातात दोन बाय तीन फुटांचं पांढरं थर्माकोल द्यायचं, जोडप्यापासून पाच-सहा फुटांवर, बाजूला आणि डोक्याच्या थोडं वर, आणि फ्लॅश त्यावर मारायचा. पिवळ्या बल्बांची माळ असेल तर फ्लॅशला अर्धा सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारा नारिंगी कागद) लावून व्हाइट बॅलन्स चार हजार केल्व्हिनच्या आसपास ठेवायचा. नाहीतर नवरी निळसर आणि मागचा सगळा मंडप हळदीचा.

सरळ फ्लॅश मीही वापरतो, स्टेजवर आहेराच्या रांगेत. तिथे अंतर बदलत नाही, म्हणून टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) बंद, ताकद हाताने ठरवून ठेवायची. टीटीएल तिथे फसतं: पांढऱ्या फेट्यांचं कुटुंब आलं की फोटो काळवंडतो, काळे ब्लेझर आले की चेहरे जळतात. दोन रांगा असतील तर मागे सरका. पहिली रांग सहा फुटांवर आणि दुसरी नऊवर असेल तर मागच्यांवर निम्म्याहून कमी उजेड पडतो. तुम्ही मागे जाऊन तेच बारा आणि पंधरा फूट केलंत, तर फरक जेमतेम पाऊण स्टॉपचाही राहत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आणि लोकांना पडद्यापासून पाच फूट पुढे घ्या, सावली खाली पडते. भर दुपारी उघड्यावर फेट्याखालचा चेहरा उजळायचा असेल तर १/२००, एफ ११, आयएसओ १०० आणि फ्लॅश दीड स्टॉप कमी, तीन मीटरच्या आतून. एवढ्याला तुम्ही आळस म्हणणार असाल तर म्हणा.

बाकीचं थोडक्यात. स्टँड: बँडवाले, वऱ्हाड, पाटावरचे मामा आणि पळणारी पोरं यांच्यात सॉफ्टबॉक्स किती वेळ उभा राहतो ते एकदा लावून बघा. पोर्ट्रेटला लावा, जरूर लावा, लेख त्याबद्दल नव्हता. आयएसओ १२८००: उजेड वाढतो, दिशा बदलत नाही. वरच्या दिव्याने डोळ्यांत पडलेले खड्डे १२८०० लाही खड्डेच राहतात. पुणे: तुम्ही तिथे काम करता, चांगलंच आहे. लग्न मात्र जळगावकडच्या चोपडा गावात असतं, आणि पंगतीत वरण-बट्टी वाढणाऱ्याला तुमच्यासाठी थांबायला वेळ नसतो.

राहिलं शेवटचं वाक्य, 'बाकी लेख ठीक'. आळस, चपटे चेहरे, काळोख, चुकीचा आकडा आणि पुणे वगळून जे उरलं त्यातलं नेमकं काय ठीक वाटलं, तेवढं कळवा.