डार्विन ऑप्शनला टाका

शाळेतून उत्क्रांती घालवायची तुमची इच्छा आहे, असं कळलं. शुभस्य शीघ्रम्! पण त्याआधी अमेरिकेतल्या मंडळींनी या कामात कुठे कुठे माती खाल्ली, ते बघून घ्या. शंभर वर्षांचा अनुभव आहे, तोही फुकट.

सरळ बंदी घालू नका. टेनेसीने 1925 मध्ये घातली, जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला भरला आणि 100 डॉलर दंड ठोकला. तो दंड ठरवायचा होता ज्यूरीने, ठरवला न्यायाधीशाने, म्हणून वरच्या कोर्टात रद्द झाला. डार्विन मात्र घरोघरी पोचला. पुढे 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असल्या बंद्याच मोडीत काढल्या. मग ‘उत्क्रांती शिकवा, पण तेवढीच देवाने केलेली सृष्टीची निर्मितीही शिकवा’ अशी तडजोड लुइझियानाने काढली. तीही 1987 मध्ये कोर्टात पडली, कारण तिथे सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही.

इथे या लोकांना एक नामी युक्ती सुचली. देवाचं नावच घ्यायचं नाही. फक्त म्हणायचं, ही सृष्टी कुणीतरी बुद्धिमान रचनाकाराने आखलेली दिसते. कुणी, ते विचारायचं नाही. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘आमच्याकडचे’ म्हणायच्या, त्यातलाच प्रकार. अख्ख्या आळीला माहीत असतं कोण ते. याचं नाव इंटेलिजंट डिझाइन.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने 2004 मध्ये ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात चार परिच्छेदांचं एक निवेदन वाचायचं: डार्विनचा सिद्धांत हा केवळ सिद्धांत आहे, त्यात फटी आहेत, दुसरी बाजू हवी असेल तर अमुक पुस्तक ठेवलेलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला साफ नकार दिला. शेवटी प्रशासनातले साहेब वर्गात येऊन वाचून गेले. (आपल्याकडे शिक्षक जनगणनाही करतात, मतदार याद्याही करतात, चार परिच्छेदांना कोण नाही म्हणतंय?) 11 पालक कोर्टात गेले.

आणि तिथे घात केला तो त्या पुस्तकाने. पालकांच्या वकिलांनी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’चे जुने खर्डे मागवले. 1987 च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत ‘क्रिएशनिस्ट्स’, म्हणजे निर्मितीवादी; नंतरच्यांत तिथेच ‘डिझाइन प्रोपोनंट्स’, म्हणजे रचनेचे पुरस्कर्ते. बाकी मजकूर जवळपास तोच. एका जागी तर जुना शब्द नीट पुसलाच गेला नव्हता आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’ असं अजब जनावर तयार झालं होतं. तेव्हा, मुद्रितशोधकाच्या पैशांत काटकसर करू नका.

शाळा मंडळाचे तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बेही यांनी उलटतपासणीत कबूल केलं की त्यांची वैज्ञानिक सिद्धांताची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल. तिथे याचं हसं झालं. आपण इथे पुढे आहोत. ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत सुरू करायचं यूजीसीने 2001 मध्येच ठरवलं, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेले, तेव्हा मंडळाला आशा असणारच. त्यांनी 20 डिसेंबर 2005 रोजी 139 पानांचा निकाल दिला, त्यात मंडळाच्या निर्णयाला थक्क करणारा मूर्खपणा म्हटलं, आणि पालकांच्या वकिलांचं दहा लाख डॉलरच्या वरचं बिल मंडळाच्या गळ्यात पडलं. निकालाआधीच झालेल्या निवडणुकीत गावकऱ्यांनी या ठरावाचे समर्थक घरी बसवले होते, ते वेगळंच.

भाषणही करू नका. जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विन चूक आहे, कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणीही सांगितलेलं नाही. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, तेव्हा त्यांचं म्हणणं एका अर्थी रास्त आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारच नसेल तर केस उभी कशी राहणार? पण तीन विज्ञान अकादम्यांनी निषेधाचं पत्रक काढलं, आणि खात्याच्या वरच्या मंत्र्यांनी सिंह यांना आवरतं घ्यायला सांगितलं.

खरी कारागिरी बघायची तर एनसीईआरटीची बघा. कोविडनंतर मुलांच्या डोक्यावरचा भार हलका करायचा म्हणून दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातलं ‘आणि उत्क्रांती’ तेवढं गेलं. डार्विन चूक आहे असं कुणी म्हटलं नाही. पर्यायी सिद्धांत नाही, पांडा नाही, निवेदन नाही. 2023 मध्ये 1800 च्या वर शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. त्यांना सांगता येतं की बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! आर्ट्स-कॉमर्सची पोरं सुटली, इंजिनिअरिंगवाली सुटली. जे म्हटलंच नाही त्याची उलटतपासणी कोण करणार?

आता तुम्ही म्हणाल, बालभारतीचं काय? 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. असू दे. पुस्तकाला हात लावायचीही गरज नाही. पोराने विचारलं, ‘सर, हे माकडाचं नक्की काय झालं?’ तर रागावू नका, धर्म काढू नका, पूर्वजांना मध्ये आणू नका. किती मार्कांना आहे ते बघा, आणि म्हणा, ‘ऑप्शनला टाक.’ तो पान उलटेल.