पन्हाळ्याच्या लोकांना कुठे हलवणार?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता जल्लोष होता. मग कुणीतरी आठवण करून दिली, की त्या १२ पैकी एका किल्ल्यावरच्या, पन्हाळ्यावरच्या, रहिवाशांनी आधी या यादीलाच विरोध केला होता. घर दुरुस्त करता येणार नाही, धंदा बसेल, ही भीती. लगेच पुण्यातल्या मित्राचा निकाल आला: "गडावर राहतातच कशाला? खाली पुनर्वसन करा."

ह्यूस्टनमध्ये बसून मलाही हे म्हणणं सोपं आहे. पण मुलीच्या वर्गाबरोबर पालक म्हणून मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशात गेलो होतो, ते डोक्यातून जात नाही. सान होसे सुकोत्स गावाजवळ मोपान नदी ओलांडायला हाताने चाक फिरवून चालवायचा तराफा होता. पलीकडे शुनानतुनिच, माया या तिथल्या मूळ रहिवाशांचं जुनं, ओस पडलेलं शहर. तिथला सर्वांत उंच पिरॅमिड सुमारे ४० मीटरचा. मुलांच्या हातातल्या कागदावर एक प्रश्न होता: माया लोक कुठे गेले? गाईड त्याच गावचा, स्वतः माया. घड्याळ बघून म्हणाला, "जेवायला. नदीपलीकडे." पोरं आधी हसली, मग गप्प झाली. नवव्या शतकाच्या आसपास दुष्काळ, लढाया अशा कारणांनी माया प्रदेशाच्या दक्षिणेकडची बरीच शहरं ओस पडली, माणसं मात्र राहिली, हे त्याने नंतर नीट समजावलं.

बेलीझचं कौतुक फार करायला नको. २०१३ मध्ये त्याच देशात नोहमूल इथला माया पिरॅमिड एका ठेकेदाराने रस्त्याच्या खडीसाठी बुलडोझर लावून जवळजवळ संपवला. खाजगी जमिनीवरच्या अवशेषांनाही संरक्षण देणारा कायदा होता, पण उसाच्या त्या शेतात ना तिकीटखिडकी होती, ना गाईड. सुकोत्समध्ये असा बुलडोझर आला असता तर अख्खं गाव त्याच्या वाटेत आडवं आलं असतं, असं मला वाटतं. त्यांचं पोट त्या दगडांवर आहे.

पन्हाळकरांची भीतीही हवेतली नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. हा आपलाच कायदा आहे, युनेस्कोचा नव्हे. गळकं छप्पर बदलायलाही कागद फिरवावे लागले, की माणूस वारशाच्या नावानेच बोटं मोडणार. आणि आम्ही डिसेंबरात येणार, सज्जा कोठीपाशी फोटो काढणार, झुणका-भाकर खाणार आणि वाढणाऱ्या मावशींना खाली पाठवा म्हणणार!

दुरुस्तीची परवानगी ठरलेल्या मुदतीत द्या. गडावरच्या पोरांना गाईडचं प्रशिक्षण आणि परवाना द्या, शाळांच्या सहलींना त्यांच्यातला एक घेणं सक्तीचं करा. हे ग्रुपवर लिहिलं, तर मित्र म्हणतो, सहलीची वर्गणी वाढेल.