झान मोरो गेली कुठे?

चहा यायच्या आत बंड्याने काडी टाकली. "फ्रेंच नटी झान मोरो ग्रेट वगैरे ठीक आहे, पण फ्रान्सपुरती. आंतरराष्ट्रीय नटी म्हणजे सिमोन सिन्योरे. बाई ऑस्कर घेऊन आली!"

"'रूम अ‍ॅट द टॉप'साठी," नाना म्हणाले. "तो ब्रिटिश सिनेमा, बाबा. हॉलिवूडचा कुठे?"

बंड्या मागे हटणाऱ्यातला नाही. "मग मोरोचं काय आहे ते सांगा."

मी आदल्याच रात्री फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचा १९५८चा 'एलेव्हेटर टू द गॅलोज' पाहिला होता, त्यामुळे जीभ वळवळत होती. प्रियकर तिकडे लिफ्टमध्ये अडकलाय आणि मोरो रात्रभर पॅरिसच्या शाँझ-एलिझे रस्त्यावर त्याला शोधत फिरतेय. कॅमेरामन आँरी दका कॅमेरा बाबागाडीत ठेवून मागेपुढे. वेगळे दिवे नाहीत, दुकानांच्या काचांतून येईल तेवढा उजेड. चेहऱ्यावर मेकअपही जवळजवळ नाही. आणि ट्रम्पेट कुणाचं? अमेरिकन जॅझवाल्या मायल्स डेव्हिसचं!

"हा फ्रेंचच की," बंड्या.

मग नानांनी बोटांवर मोजायला घेतलं. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या सिनेमासाठी कान महोत्सवाचं १९६०चं पारितोषिक ("तोच ना, महाभारतवाला?" "तोच."), स्पॅनिश दिग्दर्शक ब्युन्युएलचा सिनेमा, अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सबरोबर 'द ट्रायल'. मोरोची आई इंग्लंडची, पॅरिसच्या फोली बेर्जेर या नाचगाण्याच्या थिएटरात नाचायची, त्यामुळे हिचं इंग्रजी घरचंच.

इथे बंड्याने खरा मुद्दा काढला, हे मान्य करायला हवं. "ब्रूक न् ब्युन्युएल फ्रान्सला आले हो. ही कुठे गेली?"

"स्पेनला गेली, वेल्सच्या 'चाइम्स अ‍ॅट मिडनाइट'साठी. अमेरिकेलाही गेली, पण उशिरा; दिग्दर्शक काझानकडे तर १९७६ला," नाना म्हणाले.

मला विचाराल तर ही यादीच फिजूल. त्यापेक्षा इटलीतलं मिलान शहर घ्या. इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'ला नोत्ते'त, १९६१मध्ये, ही पुन्हा एकटी चालते. या वेळी भरदिवसा, कुणालाही न शोधता. एका पडक्या भिंतीशी थांबते, सुटलेला पोपडा बोटाने सोलते आणि पुढे जाते. संवाद नाही, त्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही. हे करायला हॉलिवूडचं तिकीट कशाला लागतं?

बंड्या मोबाईलवर काहीतरी शोधत होता. "ला नोत्ते... दोन तासांचा आहे रे हा. दोन तास चालतेच?"

"नाही रे. पार्टीलाही जाते."

"मग बघतो."