गॅलरीतल्या शूरवीरांसाठी

फोंड्याच्या परवाच्या बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) स्पर्धेचा व्हिडिओ आज कोणीतरी टाकला. खालच्या कॉमेंट वाचल्या आणि डोकंच फिरलं.

त्या दिवशी हॉलात खेळणारी मुलगी एकटी माझी भाची. समोरच्या स्क्वॉडमधल्या, म्हणजे टीममधल्या, पोराने तिला गेममध्ये पाडलं आणि तिथूनच ओरडला, ‘ताई, लॉबीत जाऊन चहा घे!’ लॉबी म्हणजे बाद झालेले जिथे परत जातात ती स्क्रीन. पुढच्या मॅचला हिने त्यालाच ग्रेनेडने उडवलं. म्हणाली, ‘चहा ऊन आहे रे, तूही ये.’ लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. या वयात मीही शिट्टी मारली.

हे हवंच. फातोर्ड्याला फुटबॉलची मॅच बघायला जाऊन कोणी मौनव्रत पाळतं का?

आणि कॉमेंटीत काय? ‘भांडी कोण घासणार?’ मग तिचे कपडे, तिचा आवाज. आईवरून जे लिहिलंय ते इथे लिहवत नाही. चहा पाजणारा तो पोरगा मॅच संपल्यावर हेडफोन गळ्यात टाकून तिच्याशीच ड्रॉप कुठे घ्यायचा, म्हणजे नकाशात कुठे उतरायचं, यावर वाद घालत बसला होता. त्याचं भांडण तिथेच मिटलं. तुमचं कसलं चालू आहे?

‘मामा, ट्रॅश टॉक असतो तो,’ म्हणजे खेळातली चिडवाचिडवी, असं मलाच शिकवणारेही आले. शिकवा. ओव्हरवॉच या व्हिडिओ गेमच्या लीगमध्ये २०१८ साली मुमा नावाच्या खेळाडूने जिंकल्यावर हरलेल्या टीममधल्या एक्सक्यूसीचंच आवडतं वाक्य कॅमेऱ्यात बघून त्याला ऐकवलं. झकास! एक्सक्यूसीने मात्र स्ट्रीमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणात, मुमाच्या समलिंगी असण्यावरून घाण टोमणा मारला. २,००० डॉलर दंड आणि ४ सामने बाहेर. तेव्हाही ‘एवढं काय त्यात’ म्हणणारे फॅन होतेच.

बरं, खेळताना डोकं तापतं, एखादी शिवी जाते. जाऊ दे. पण तुम्ही तर खुर्चीत वडापाव खात होता ना!

भाचीला विचारलं, तर म्हणते, ‘मामा, कॉमेंट वाचायच्याच नाहीत.’ किती सहज म्हणाली. या वयात तिला त्याची सवय झालीय, हे मला सोसत नाही.

आणि नावं बदलून लिहिलंत म्हणून कळत नाही असं नाही. त्यातले दोघे चतुर्थीला आमच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाऊन गेलेत. त्यांच्या आया मला भाऊ म्हणतात. दाखवू का त्यांना?

रविवारी फायनल आहे. या, ओरडा, हवं तेवढं चिडवा. बाकीचं जे सुचतं ते माझ्या तोंडावर बोला. पहिल्या रांगेत बसणार आहे.